भरल्या ट्रॉलीचा कासरा

दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांची धुराडी पेटतात, गव्हाणीत पहिली मोळी पडते आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांतले रस्ते पुढचे चार-पाच महिने उसाच्या ट्रॉल्यांच्या मालकीचे होऊन जातात. रविवारी सहकुटुंब नरसोबाच्या वाडीला किंवा पंढरपूरला निघालेल्या मंडळींना याचा अनुभव असतो. पुढे एक ट्रॅक्टर, त्याच्यामागे एकीला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, वर आभाळाला भिडलेला ऊस आणि आतून स्पीकरवर चाललेले गाणे. मागच्या गाडीतले वडील चडफडतात, आई 'जरा अंतर ठेवा' म्हणते आणि मुलांचा डोळा लोंबणाऱ्या उसाच्या कांड्यावर असतो.

आपल्याला दिसतो तो ऊस. दिसत नाही ती एक साधीशी वस्तू. चाकाच्या आत बसवलेले बिडाचे एक गोल, जड भांडे. त्याला ड्रम म्हणतात. तो ज्याच्या आधाराने फिरतो त्या तुंब्याला म्हणतात हब. ही भरलेली मिरवणूक उतारावर थांबणार की नाही, हे बऱ्याच अंशी या दोन वस्तूंवर ठरते. आणि पुष्कळ ट्रॉल्यांना त्या धड नसतात. काही ट्रॉल्यांना तर ब्रेकच नसतो.

हा विषय कुणाला गॅरेजातला वाटेल. परंतु ग्रामीण शाखांतून ट्रॅक्टर-ट्रॉलीची कर्जे मंजूर करण्यात माझ्या नोकरीची उमेदीची वर्षे गेली, आणि त्या निमित्ताने कितीतरी लेथवर्कशॉपच्या दारातल्या बाकड्यावर मी बसलो आहे. तिथे जे पाहिले-ऐकले ते घरातल्या सगळ्यांनी एकदा वाचावे असे आहे. कारण ही ट्रॉली ज्यांच्या दारात उभी असते ते, तिच्यावर बसून स्थलांतर करतात ते, आणि तिच्या मागून-पुढून मोटारसायकलवर जातात ते, सगळे आपलेच आहेत.

कोटेशनमध्ये नसलेली ओळ

१९८८ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्यात मी शेतीकर्ज विभाग सांभाळत होतो. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या कर्जाची फाईल जाडजूड असायची. सात-बारा, आठ-अ, कारखान्याचे हमीपत्र, जामीनदार, विमा, मार्जिन. ट्रॉलीच्या कोटेशनमध्ये चॅनेलची जाडी असे, पत्र्याचा गेज असे, टायरचा आकार असे, रंगसुद्धा असे. ब्रेकची ओळ नसे.

एकदा एक शेतकरी जोडपे कागदांवर सह्या करायला आले होते. ट्रॉली तयार करणाऱ्याच्या अंगणातच मी तपासणीसाठी गेलो होतो, तिथे दोघेही आली. नवरा ट्रॉलीच्या फाळक्यावरचे नाव वाचण्यात दंग होता. बाईंनी मात्र चाकाभोवती एक फेरी मारली आणि मला विचारले, "सायेब, बैल आवराया कासरा असतोय. हिला काय हाय?"

कारखानदार हसून म्हणाला, "वहिनी, ट्रॅक्टरला हाय की ब्रेक. ट्रॉलीला लागत न्हाई. पायजे आसंल तर जादा पैसं पडतील."

"किती?" बाईंनी विचारले. त्याने आकडा सांगितला. तो टायरच्या किमतीपेक्षा कमी होता. नवरा कुरकुरला, पण बाई ठाम होत्या. "उताराला आमचं घर हाय," एवढेच त्या म्हणाल्या. त्यांच्या कोटेशनमध्ये ब्रेकची ओळ वाढली आणि त्या रकमेसह कर्ज मंजूर झाले. त्या बाईंनी दोन वाक्यांत जे विचारले त्याचे उत्तर समजून घ्यायला मला पुढे बरीच पुस्तके आणि बरेच मिस्त्री लागले.

मागून येणारा धक्का

ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन साधारण दोन टन. त्याला जुंपलेल्या दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस भरलेला आपण पाहतो. म्हणजे थांबवणारा दोन टनांचा आणि थांबवायचे त्याच्या आठ-दहा पट. सपाट रस्त्यावर, बैलगाडीच्या वेगाने हे कसेबसे निभते. उतारावर ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढत नसतो. ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलत असते. अशा वेळी चालकाने ट्रॅक्टरचा ब्रेक दाबला, की पुढचा थांबू पाहतो आणि मागचा येतच राहतो. रस्ता सरळ असेल तर नुसता धक्का बसतो. वळण असेल, तर मागचे वजन ट्रॅक्टरला आडवा फिरवते. चाकूचे पाते मुठीत मिटावे तसे ट्रॅक्टर आणि ट्रॉली एकमेकांवर मिटतात. मध्ये चालक असतो.

थोडा हिशेब करू. बँकेतल्या माणसाला हिशेबाशिवाय चैन पडत नाही. दहा टनांची ट्रॉली दर वीस मीटरला एक मीटर उतरणाऱ्या रस्त्याने एक किलोमीटर खाली आली, तर ती पन्नास मीटर उंचीवरून उतरली. एवढ्या वजनाने सोडलेली ऊर्जा सुमारे ४९ लाख ज्यूल होते. घरच्या भाषेत सांगायचे तर पंधरा लिटर गार पाणी उकळायला लागेल एवढी उष्णता. तिच्यातला काही वाटा टायर आणि इंजिन घेते; उरलेली सगळी ब्रेकच्या बिडात मुरावी लागते. ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करून ती हवेत सोडणारे यंत्र, एवढीच त्याची व्याख्या. वेग दुप्पट झाला, तर ही ऊर्जा चौपट होते. म्हणूनच डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतार उतरणारा चालक दोन रुपये वाचवून सगळाच डाव लावत असतो. ज्या गिअरमध्ये चढ चढायचा, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही तितकाच खरा आहे.

बिडाचा तवा आणि बिडाचा ड्रम

ड्रम बिडाचाच का? घरोघरच्या गृहिणींना याचे अर्धे उत्तर ठाऊक आहे. बिडाचा तवा तापायला वेळ घेतो, पण एकदा तापला की उष्णता धरून ठेवतो. बिडात तीन-चार टक्के कार्बन असतो आणि त्याचा बराचसा भाग ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात धातूत विखुरलेला असतो. हे पापुद्रे उष्णता झपाट्याने वाहून नेतात, घासताना धातूला चिकटू देत नाहीत आणि थरथर शोषून घेतात. पोलाद ताकदीला वरचढ, पण ब्रेकच्या ड्रमात बीडच बरे. उसाच्या फडात राबणारे हात प्रामुख्याने ज्या जिल्ह्यातून येतात त्याचे नावही बीडच असावे, हा निव्वळ योगायोग. पण दोघेही तापणे निमूट सोसतात, हे खरे.

बिडाचा दोषही स्वयंपाकघरातलाच. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतले की तो तडकतो. घाट उतरून आलेल्या गरम ड्रमवर बादलीभर पाणी मारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

ड्रमच्या आत दोन अर्धचंद्राकृती शू असतात आणि त्यांच्यावर लायनर बसवलेले असते. ब्रेक दाबला की शू बाहेर सरकतात आणि लायनर ड्रमच्या आतल्या भिंतीवर घासते. यात एक खोच आहे. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून दूर जातो. जितका पातळ ड्रम, तितका तो लवकर तापतो आणि जास्त फुगतो. वर लायनरही अति तापले की त्याची पकड सुटते. मग पॅडल खोल जाते, पाय जमिनीला टेकतो आणि गाडी चालतच राहते. झिजलेला ड्रम गावातल्या सपाट रस्त्यावर ठीक वाटतो आणि उतारावर दगा देतो, त्याचे कारण हे.

मग ड्रम बदलायचा केव्हा? चांगल्या ड्रमवर बाहेरच्या बाजूला कमाल व्यासाचा आकडा ओतलेला असतो. ट्रकच्या मोठ्या ड्रमला नव्या मापापेक्षा साधारण दोन-तीन मिलिमीटरची मोकळीक असते. पण खरा मानायचा तो त्या ड्रमवरचा आकडा. आतला व्यास एकाच जागी न मोजता फिरवून तीन-चार जागी मोजावा, म्हणजे ड्रम अंडाकृती झाला आहे का तेही कळते. चरे पडले असतील, तर लेथवर ड्रम टर्न करून घेता येतो. परंतु टर्न केल्यावरही कमाल मापापर्यंत पुढच्या झिजेला जागा उरली पाहिजे. लेथवाल्याला 'अजून एकदा घ्या की साफ करून' म्हणणे म्हणजे जुन्या कर्जाचे नवे-जुने करण्यासारखे आहे. खाते कागदावर चांगले दिसते, आतून पोखरलेलेच राहते.

आतल्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा थोड्याफार येतातच. पण नख अडकेल अशी किंवा कडेपर्यंत गेलेली भेग दिसली, की ड्रम भंगारात. निळसर-काळे डाग दिसले, तर तो अति तापलेला आहे असे समजावे. मिस्त्री ड्रम टांगून त्यावर हातोडीची हलकी टिचकी मारतात. निर्दोष ड्रम घंटेसारखा वाजतो, तडकलेला बद्द बोलतो. बाजारात मडके घेताना आपली आजी हेच करत असे.

नवा घेताना

इथे खरी कसोटी असते. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॉल्या गावातल्या किंवा तालुक्याच्या वर्कशॉपात बनतात आणि पुष्कळदा त्यांना मोडीत काढलेल्या ट्रकचे अ‍ॅक्सल बसवलेले असतात. तेव्हा दुकानात जाऊन 'ट्रॉलीचा ड्रम द्या' म्हणण्यात अर्थ नाही. जुना ड्रम आणि जुनी बेअरिंग पिशवीत घालून न्यावीत. आतला व्यास, लायनर बसते त्या भागाची रुंदी, ड्रमची खोली, स्टडची संख्या, समोरासमोरच्या स्टडांतले अंतर आणि मधल्या भोकाचे माप जुळले पाहिजे. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. तो लिहून न्यावा. काही अ‍ॅक्सलवर ड्रम हबच्या बाहेरून बसतो, म्हणजे बेअरिंग न उघडता निघतो. काहींवर तो हबच्या मागे असतो, तिथे हब उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही. हे आधी पाहून घेतले, तर दोन खेपा वाचतात.

दोन ड्रम सारखेच दिसतात, पण एक बराच स्वस्त असतो. अशा वेळी दोन्ही हातांत दोन उचलून पाहावेत. बहुधा स्वस्त ड्रम हलका लागतो, आणि ड्रममध्ये वजन म्हणजेच उष्णता साठवायची जागा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून आणि शिरोलीच्या फाउंड्रीतून वाहन उद्योगाला लागणारे उत्तम ओतकाम बाहेर पडते. या शहराने आधी शेतीपंपासाठी ऑइल इंजिने घडवली आणि त्यातूनच ओतकामाची विद्या वाढवली. इतकी चांगली वस्तू उसाच्या दारात होत असताना माप आणि नाव नसलेला ड्रम घ्यायचे कारण नाही.

आणखी एक. ड्रम एका अ‍ॅक्सलवर जोडीनेच बदलावेत. एका चाकाला नवा जाड ड्रम आणि दुसऱ्याला जुना पातळ असला, तर दोन्ही बाजूंची पकड वेगळी राहते आणि ब्रेक दाबताच ट्रॉली एका अंगाला ओढते. बैलजोडीतला एक बैल तगडा आणि एक मरतुकडा असला की नांगर कसा तिरका जातो, ते शेतकऱ्याला सांगायला नको. लायनरही दोन्ही बाजूंना एकाच प्रतीचे हवे.

गाड्याबरोबर नळ्याची यात्रा

आता हब. लाकडी बैलगाडीत चाकाचा तुंबा आसावर फिरत असे आणि चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला खीळ ठोकलेली असे. वंगणाचा बांबूचा नळा गाडीखाली लटकत असायचा. 'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' ही म्हण त्यातूनच आली. गाडी पंढरपूरला गेली की नळ्यालाही फुकट यात्रा घडते. म्हणीत नळा आयतोबा ठरला आहे. वास्तविक नळा नसता, तर गाडीची यात्रा पहिल्याच मुक्कामाला संपली असती.

आजच्या हबमध्ये आसाच्या जागी स्पिंडल आहे आणि मध्ये दोन बेअरिंग, आत मोठे आणि बाहेर लहान. त्यांतले रोलर शंकूसारखे निमुळते असतात. या निमुळत्या रोलरची कहाणी गाडीवानांच्या जिव्हाळ्याची आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकन यांनी १८९८ साली या बेअरिंगचे पेटंट घेतले. वळताना गाडीचे वजन चाकावर नुसते वरून येत नाही, आडवेही रेटते. निमुळता रोलर दोन्ही भार एकदम पेलतो. म्हणजे जनावरे ओढत होती त्या गाड्यांसाठी निघालेली युक्ती आज ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत फिरते आहे.

चाक हलके फिरू लागले, की ब्रेक अधिक लागतो, हे त्याच ओघाने आले. बैलगाडीच्या सुधारणेसाठी आयुष्यभर झटलेले, बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी हे जनावराच्या मानेवर येणाऱ्या भाराकडे सतत लक्ष वेधत. उतारावर गाडीचा रेटा बैलाच्या मानेवर येतो. ट्रॅक्टरला मान नाही, म्हणून त्याचे दुखणे दिसत नाही, एवढाच फरक.

बसवण्याची रीत

हे काम मिस्त्रीनेच करावे. परंतु मालकाने शेजारी उभे राहून काय पाहावे, ते सांगतो. ट्रॉली रिकामी आणि सपाट, टणक जमिनीवर हवी. दुसऱ्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून दगड लावलेले हवेत. जॅकने उचलल्यावर अ‍ॅक्सलखाली भक्कम घोडी हवी. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणालाही खाली हात घालू देऊ नये. ड्रम अडकला, तर घण घालण्याआधी ब्रेकचा अ‍ॅडजस्टर ढिला करावा. झिजलेल्या ड्रमच्या काठाशी कड राहते, तिच्यात शू अडकतात. आतली काळी धूळ तोंडाने फुंकू नये किंवा हवेच्या पाइपाने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि ते फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावी. तिथे घुटमळणाऱ्या पोरांना लांब पाठवावे.

बेअरिंगचा आतला भाग आणि हबमध्ये ठोकून बसवायची त्याची बाहेरची कडी ही जोडी आहे. एक नवे आणि एक जुने चालत नाही. कडी चारी बाजूंनी थोडी थोडी ठोकत बसवायची असते. ती तळाला टेकली की ठोक्याचा आवाज बदलतो. स्पिंडलवर बेअरिंगच्या जागी चर पडलेला असेल, तर नवे हबही टिकणार नाही. ग्रीस तळहातावर घेऊन रोलरांच्या फटींत दाबून भरायचे. वरवर फासायचे नाही, आणि हब गच्च ठासूनही भरायचे नाही. ऑइल सील दरवेळी नवे घालावे. सील गळले की ग्रीस लायनरवर येते, आणि ग्रीस लागलेले लायनर म्हणजे नसलेला ब्रेक. नव्या ड्रमला गंजू नये म्हणून तेल लावलेले असते. ते साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, कोरडे करूनच ड्रम चढवावा.

सगळ्यात नाजूक काम मधल्या नटाचे. ड्रम हाताने फिरवत फिरवत नट आवळायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग तो ढिला करून पुन्हा अलगद आणायचा. चाक मोकळे फिरले पाहिजे आणि बेअरिंगमध्ये किंचितच ढिलाई राहिली पाहिजे. 'जोर लावून घट्ट' केलेला नट बेअरिंग जाळतो. फार ढिला राहिला तर चाक डुगडुगते. शेवटी नटाच्या खाचेतून स्प्लिट पिन. ही पिन नवीच घालावी. चार आण्यांच्या जमान्यातही ती स्वस्त होती आणि आजही चहाच्या एका कपात येते. त्या जुन्या आसाच्या खिळीचेच काम ती करते.

चाक चढवल्यावर नट समोरासमोरचे आवळायचे. मग शू अ‍ॅडजस्ट करायचे. रिकाम्या ट्रॉलीने चार-पाच किलोमीटर सावकाश फिरून, मधूनमधून ब्रेक लावून यायचे आणि दोन्ही हबजवळ हात न्यायचा. कोमट लागले तर उत्तम. एक कोमट आणि दुसरे हात धरवणार नाही इतके गरम असेल, तर पुन्हा उघडायचे. चाकाचे नट त्यानंतर एकदा आणि भरल्या फेरीनंतर पुन्हा एकदा आवळायचे.

हे होत का नाही?

इतके सगळे ठाऊक असून होत का नाही, याचे उत्तर अज्ञानात कमी आणि हिशेबात जास्त आहे. वाहतूकदार हंगामाआधी मुकादमाला उचल देतो. ती कधी लाखांत असते. मुकादम टोळी घेऊन आला तर ठीक. नाही आला, तर ट्रॅक्टर दारात आणि हप्ता डोक्यावर. आला, तरी वाहतुकीचे पैसे टनावर. फेऱ्या वाढवायच्या, भार वाढवायचा. अशा माणसाच्या खर्चाच्या यादीत टायर वर असतो, कारण टायर फुटला की फेरी बुडते. ब्रेक तळाला, कारण ब्रेक नसला तरी फेरी होते. बहुतेक वेळा होते. त्या 'बहुतेक' शब्दावर तोडणी मजुरांची बिऱ्हाडे, त्यांची झोपलेली लेकरे, भांडी आणि शेळ्या घेऊन ट्रॉल्या घाट उतरत असतात.

१९५०-५१ मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून पहिल्या सहकारी कारखान्याचा गळीत हंगाम झाला, तेव्हापासून सहकाराने उसाच्या शेतकऱ्याला पुष्कळ दिले. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, आगाऊ रक्कम देतो. त्याच वेळी प्रत्येक ट्रॉलीचे एक चाक उघडून पाहणे त्याला अशक्य नाही. बँकेलाही कोटेशनमध्ये ब्रेकची ओळ मागता येईल; तारण ठेवलेली वस्तू शाबूत राहण्यात तिचाही स्वार्थ आहे. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा निघतात, त्या स्वागतार्हच आहेत. परंतु रिफ्लेक्टर मागच्याला सावध करतो, पुढच्याला वाचवत नाही.

घरच्यांनाही काही करता येते. खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर धुतो, हळद-कुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो. ट्रॉली बिचारी मागे तशीच उभी असते; तिला फार तर एखादे फूल मिळते. यंदा पूजेच्या आठ दिवस आधी मिस्त्रीला बोलवावे, तिची दोन्ही चाके उतरवावीत, ड्रम मोजावेत, बेअरिंग धुऊन पाहावीत, ग्रीस नवे भरावे. आणि हे काम चालू असताना घरातल्या बाईने चाकाभोवती एक फेरी जरूर मारावी.